ओठांवरची लव आणि अकरावं वर्ष

या महिन्याच्या टपालात चार पत्रं एकाच विषयावरची निघाली. चौघांनीही ‘हे विचारू की नको असं वाटत होतं’ अशीच सुरुवात केली आहे. मी २६ वर्षं त्वचारोगतज्ज्ञ म्हणून काम करते आहे आणि हा प्रश्न माझ्याकडे जवळजवळ दर आठवड्याला येतो. बहुतेक वेळा तो दाराशी, निघता निघता, आवाज खाली आणून विचारला जातो. म्हणून हे पूर्ण सदर या चार पत्रांनाच दिलं आहे.

प्रश्न : डॉक्टर, माझी मुलगी ११ वर्षांची आहे, सहावीत शिकते. तिच्या ओठांवर आणि कानांपुढे लव आहे, अगदी माझ्यासारखी. आतापर्यंत तिचं तिकडे लक्षही नव्हतं. दोन महिन्यांपूर्वी वर्गातल्या एका मुलाने तिला सगळ्यांसमोर ‘मिशीवाली’ म्हटलं. तेव्हापासून ती बोलताना तोंडावर हात धरते. वर्गाच्या फोटोत मान खाली घालून उभी आहे. रोज रात्री झोपताना विचारते, ‘आई, मी कधी काढू?’ सासूबाई म्हणतात, एवढ्यात हात लावू नका, एकदा काढले की राठ येतात आणि जन्माचं मागे लागतं. यांचं म्हणणं, त्या मुलाला समज द्या, आपल्या पोरीला कशाला बदलायचं? मला सगळ्यांचंच पटतं. मी स्वतः पहिल्यांदा थ्रेडिंग केलं ते १७व्या वर्षी. नक्की कोणत्या वयात हो म्हणावं?
— एक आई

उत्तर : ताई, तुमचं पत्र वाचून मी बाजूला ठेवलं आणि पेशंट बघायला बसले, पण ‘बोलताना तोंडावर हात धरते’ हे वाक्य दिवसभर मनातून गेलं नाही. तो हात माझ्या ओळखीचा आहे. समोरच्या खुर्चीत आई बोलत असते आणि शेजारी मुलगी तर्जनी नाकाखाली आडवी धरून बसलेली असते, शिंक थोपवावी तशी. मी काही विचारलं तर उत्तर त्या बोटाआडून येतं.

माझाही हात तसाच असायचा. मी १२ वर्षांची असताना एका दुपारी घरात कोणी नाहीसं बघून बाबांचं दाढीचं रेझर उचललं. पाणी नाही, साबण नाही, कोरड्या ओठावरून पातं आडवं ओढलं. वरच्या ओठाच्या मधोमध जी खाच असते तिथे कापलं आणि रक्त थांबेना. आई आल्यावर सांगितलं, दाराची कडी लागली. तिने जखम पुसली, क्षणभर माझ्याकडे बघितलं आणि काहीच विचारलं नाही. तिला कळलं होतं आणि तिला कळलंय हे मलाही कळलं होतं. त्यानंतर चार वर्षं आम्ही दोघी त्यावर एक अक्षर बोललो नाही आणि ती चार वर्षं मी चोरून तेच करत राहिले, त्याच रेझरने. जखम आठवड्यात भरली. आईने त्या दिवशी ‘काय झालं गं?’ एवढं विचारलं असतं तर, हे मात्र मला अजून वाटतं.

तुमची मुलगी तर विचारते आहे. रोज रात्री, तुम्हालाच विचारते आहे. तेव्हा माझं उत्तर सरळ आहे : ती विचारतेय, म्हणजे तिची वेळ आली. ११ हे वय त्यासाठी लहान नाही. केस काढायला अमुक वय पूर्ण हवं असं वैद्यकशास्त्रात कुठेही ठरलेलं नाही. मी दोनच गोष्टी बघते. एक, हे कोणाला हवंय, मुलीला की मोठ्यांना? दोन, ती पाच मिनिटं शांत बसून सांगितलेलं ऐकेल आणि दुखलं तर ‘थांबा’ म्हणेल इतकी जाणती झाली आहे का? पहिलीचं उत्तर ‘मुलीला’ असेल आणि दुसरीचं ‘हो’ असेल, तर दहाव्या वर्षीही मी अडवत नाही. उलट पंधरा वर्षांच्या मुलीला स्वतःच्या लवेचं काही वाटत नसेल आणि आईच हट्टाने घेऊन आली असेल, तर मी आईला सांगते की तिला राहू द्या.

तुम्ही १७व्या वर्षी सुरुवात केलीत, म्हणून तिनेही तोवर थांबावं असं मनाच्या एका कोपऱ्यात असेल तर तेवढं काढून टाका. तुमच्या १७पर्यंत तुम्हाला कसं गेलं, हे तुम्हालाच ठाऊक आहे.

आता सासूबाईंचं म्हणणं. ते त्यांनी मनाने रचलेलं नाही, त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. बाराव्या वर्षी काढायला सुरुवात केलेल्या मुलीचे केस सोळाव्या वर्षी खरंच जास्त आणि जाड दिसतात. पण त्याच चार वर्षांत ती वयात येत असते. मूत्रपिंडांच्या वर बसलेल्या अॅड्रिनल ग्रंथी साधारण ६ ते ८ वर्षांपासूनच थोडी थोडी अँड्रोजेन नावाची संप्रेरकं सोडू लागतात, पुढे बीजकोशही त्यात भर घालतात आणि काही ठिकाणची मऊ लव हळूहळू काळ्या, जाडसर केसांत बदलते. हे रेझर न लावताही होणारच असतं. दोन गोष्टी एकाच वेळी घडल्या की एकीचं खापर दुसरीवर फुटतं.

हे तपासूनही झालेलं आहे. १९२८ साली मिल्ड्रेड ट्रॉटर या शरीररचनाशास्त्राच्या अभ्यासक बाईंनी वस्तऱ्याने काढलेले केस परत येताना जाड किंवा लवकर येतात का हे मोजून पाहिलं. तसं काही आढळलं नाही. १९७०मध्ये दुसऱ्या दोन संशोधकांनी पाच पुरुषांचा एकच पाय कित्येक महिने नियमित भादरला, दुसरा तसाच ठेवला आणि दोन्हीकडच्या केसांची तुलना केली. फरक नव्हता. केसाचं मूळ त्वचेच्या आत असतं, वर काय कापलं हे त्याला कळत नाही.

मग हाताला राठ का लागतं? माझ्या टेबलावर एक भिंग आहे. मुलींना मी त्यातून त्यांचाच केस दाखवते. कधीही न कापलेल्या केसाचं टोक नव्याने टोक काढलेल्या पेन्सिलीसारखं निमुळतं असतं. कापलेल्या केसाचं टोक त्याच पेन्सिलीचा मधूनच तुकडा केल्यासारखं सपाट. केसाची जाडी तीच, पण सपाट टोक बोटाला टोचतं आणि डोळ्यालाही जास्त काळं दिसतं. एक मुलगी भिंगातून किती तरी वेळ बघत राहिली आणि मग आजीला म्हणाली, ‘आजी, तूच बघ ना.’ आजींनी बघितलं. सासूबाईंना समजवायला माझ्याजवळ याहून चांगलं साधन नाही, आणि साधं भिंग घरीही चालतं.

काढायचं कशाने? अकरा वर्षांच्या मुलीसाठी मी सगळ्यांत आधी बॅटरीवर चालणारा चेहऱ्यासाठीचा छोटा ट्रिमर सुचवते. तो केस त्वचेलगत कापतो, ओढत नाही, दुखत नाही, कापायची भीती जवळजवळ नाही. काही दिवसांनी पुन्हा फिरवावा लागतो, एवढंच. चेहऱ्यासाठीचं लहान रेझरही चालतं. तोंड कोमट पाण्याने धुऊन, साधं मॉइश्चरायझर किंवा फेस लावून, केस ज्या दिशेने वाढतात त्या दिशेने हलक्या हाताने फिरवायचं. पातं तिचं एकटीचं असावं. पहिल्या वेळी तुम्ही करून दाखवा, दुसऱ्या वेळी तिला करू द्या आणि तुम्ही शेजारी उभ्या राहा.

थ्रेडिंगचा परिणाम जास्त दिवस टिकतो, कारण केस मुळातून निघतो. पण ओठांवर ते चांगलंच दुखतं, काही तास लाल राहतं आणि कोणाकोणाला दोन दिवसांनी बारीक पुरळ येतं. पार्लरमध्ये दोऱ्याचं टोक दातांत धरून काम चाललं असेल तर नको म्हणा. दोरा नवा हवा, टोक गळ्यात अडकवलेलं किंवा हातात धरलेलं हवं. थ्रेडिंगनंतर चेहऱ्यावर चामखिळी पसरल्याचं मी एकीहून जास्त मुलींमध्ये पाहिलं आहे.

केस काढायच्या क्रीमबद्दल मी जरा कडक आहे. त्यातलं थायोग्लायकोलेट हे रसायन केसातलं केराटिन नावाचं प्रथिन विरघळवतं आणि केराटिन आपल्या त्वचेतही असतं. क्रीम अतिशय अल्कधर्मी असतं, पीएच १२च्या आसपास. हातापायांसाठीचं क्रीम ओठांवर लावून भाजलेल्या मुली माझ्याकडे येतात. ‘जरा जास्त वेळ ठेवलं तर नीट निघेल’ म्हणून ठेवलेलं असतं. वापरायचंच असेल तर चेहऱ्यासाठी बनवलेलं घ्या, आधी हाताच्या आतल्या बाजूला थोडंसं लावून एक दिवस थांबा आणि घड्याळ लावून, लिहिलेल्या वेळेच्या आत पुसा. वॅक्सिंग या वयात चेहऱ्यावर नको. मुरुमांसाठी अॅडापलीन किंवा ट्रेटिनॉइनसारखी मलमं चालू असतील तर कोणत्याही वयात नको, वॅक्सबरोबर त्वचेचा वरचा थर सोलून निघतो. ब्लीचने केस निघत नाहीत, त्यांचा रंग तेवढा उडतो. सावळ्या चेहऱ्यावर ते सोनेरी केस कधी कधी आधीपेक्षा उठून दिसतात आणि अमोनियाने नाजूक त्वचा चुरचुरते ती वेगळी.

मुलीच्या वडिलांचं म्हणणंही मला सोडून द्यायचं नाही. त्या मुलाशी बोललं गेलंच पाहिजे, वर्गशिक्षकांमार्फत, मुलीला पुढे न करता. पण ते काम मोठ्यांचं आहे. ते होईपर्यंत मुलीने सोसत राहावं हे मला मान्य नाही. दोन्ही एकाच आठवड्यात होऊ शकतं.

आणि एक विनंती. तिला ‘हो’ म्हणताना ‘बरं, चल, तुझी मिशी काढू’ असं म्हणू नका. त्या मुलाचा शब्द घरात वापरू नका. ‘ओठांवरची लव’ म्हणा. प्रत्येक माणसाला ती असते, तुम्हाला आहे, आजीला आहे, हेही सांगा. काढली तर काढली, पुढच्या महिन्यात कंटाळा आला तर सोडून दिली तरी चालतं, काही बिघडत नाही, हे तिच्या कानांवर घाला. जन्माचं मागे लागतं ही भीती आजीची आहे, ती नातीकडे जायला नको.

प्रश्न : मॅडम, मी १४ वर्षांची आहे. माझ्या हनुवटीवर आणि गळ्यावर जाड काळे केस येतात, लव नाही, खरे केस. मी ते चिमट्याने उपटते, आता तिथे काळे डाग आणि पुटकुळ्या झाल्या आहेत. आईला माहीत नाही. मी आंघोळीला जाते तेव्हा काढते. मला पाळी साडेअकराव्या वर्षी आली, पण ती तीन-साडेतीन महिन्यांनी येते. मान पण काळी झाली आहे, कितीही घासली तरी जात नाही. आईला वाटतं मी नीट आंघोळ करत नाही. हे कसं थांबवू?
— नाव छापू नका

उत्तर : बाळा, नाव छापलेलं नाही. तू लिहिलंस हे फार बरं केलंस आणि इतकं नेमकं लिहिलंस की माझं निम्मं काम झालं.

सगळ्यांत आधी, मान घासणं आजपासून बंद. तो मळ नाही. मानेच्या मागे, काखेत मखमलीसारखा जाडसर काळा पट्टा दिसतो तेव्हा बहुतेक वेळा शरीरातलं इन्शुलिन नीट काम करत नसतं आणि म्हणून शरीर ते जास्त बनवत असतं. घासून त्वचा आणखी काळवंडते. हे पत्र आईला दाखव आणि हा परिच्छेद तिला वाचायला सांग : ताई, तुमची मुलगी रोज नीट आंघोळ करते.

आता तुझ्या तीन गोष्टी मी एकत्र ठेवते. हनुवटीवर जाड केस, मानेवरचा काळा पट्टा आणि तीन महिन्यांहून जास्त लांबणारी पाळी. पाळी सुरू झाल्यावर पहिलं वर्ष ती कशीही आली तरी आम्ही काळजी करत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी मात्र २१ ते ४५ दिवसांत यायला हवी, आणि पहिलं वर्ष सरल्यावर एकदाही ९० दिवसांच्या वर गेली तर डॉक्टरांना दाखवायचं असा आमचा नियम आहे. तुला सुरू होऊन अडीच वर्षं झाली. म्हणजे तुला दाखवायला हवं. घाबरून नाही, पण या महिन्यातच.

हे पीसीओएस असू शकतं, म्हणजे संप्रेरकांचा तोल बिघडून पाळी लांबणं आणि असे केस येणं. तू हे नाव ऐकलं असशील. फार मुलींना असतं आणि त्यावर उपचार आहेत. पण हीच लक्षणं इतर काही कारणांनीही येतात, उदाहरणार्थ अॅड्रिनल ग्रंथींच्या एका जन्मजात फरकामुळे. म्हणून रक्ताच्या तपासण्या लागतात : टेस्टोस्टेरॉन, १७-हायड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन (ही सकाळी लवकर करतात), थायरॉइड, प्रोलॅक्टिन, साखर. नुसत्या सोनोग्राफीवर कोणी ‘तुला पीसीओएस आहे’ म्हणालं तर लगेच मान्य करू नकोस. तुझ्या वयाच्या पुष्कळ निरोगी मुलींच्या बीजकोशांत तशा बारीक गाठी दिसतात. पाळी सुरू होऊन ८ वर्षं होईपर्यंत निदानासाठी सोनोग्राफीचा आधार घेऊ नये असं आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनाही सांगतात. आणि आवाज घोगरा होतोय, किंवा केस काही आठवड्यांत भराभर वाढले असं असेल, तर महिनाही थांबू नकोस, याच आठवड्यात जा.

औषधं सुरू झाली तर लगेच फरक दिसणार नाही, हे आताच सांगते, म्हणजे तू निराश होणार नाहीस. आज दिसणारा केस मुळाशी बऱ्याच आधी तयार झालेला असतो, म्हणून परिणाम कळायला निदान ६ महिने लागतात. तोपर्यंत केस काढायला तुला कोणी मनाई करणार नाही. फक्त चिमटा ठेवून दे. उपटताना केस आत तुटतो, वाकडा वाढतो, पुटकुळी येते, ती खाजवली की डाग पडतो. ट्रिमर वापर. डाग सहा-आठ महिन्यांत फिके होतील, उन्हात जाताना सनस्क्रीन लावलंस तर लवकर.

राहिलं आईला सांगणं. तोंडाने जमत नसेल तर मला लिहिलंस तसंच तिला लिही. उशीखाली ठेव. तुझ्या छोट्याशा पत्रात तू दोनदा ‘आई’ लिहिलं आहेस, म्हणून मला वाटतं, तुला तिलाच सांगायचं आहे.

प्रश्न : माझी मुलगी ८ वर्षांची आहे. तिच्या चेहऱ्यावर, पाठीवर आणि हातांवर बरीच लव आहे. तिला अजून काही वाटत नाही, पण मला शाळेत खूप चिडवायचे आणि ते मी अजून विसरलेले नाही. तिच्यावर ती वेळ येण्याआधीच लेझर करून कायमचं संपवून टाकावं असं मनात आहे. एवढ्या लहान वयात चालेल का?
— काळजीत असलेली आई

उत्तर : नाही ताई. तुमच्या मनातलं दुःख खरं आहे आणि ते मला कळतं, पण लेझर आता नको.

लेझरचा प्रकाश केसातल्या काळ्या रंगद्रव्यात शोषला जातो, त्याची उष्णता होते आणि केसाचं मूळ भाजतं. हे तत्त्व अँडरसन आणि पॅरिश या दोघांनी १९८३मध्ये मांडलं, त्यावरच आजची सगळी यंत्रं चालतात. लवेत ते रंगद्रव्य अगदी थोडं असतं, म्हणून तिथे लेझरला पकडायला काही मिळत नाही. त्वचा सावळी असेल तर तोच प्रकाश त्वचेत शोषला जातो, भाजतं, डाग पडतात. सावळ्या त्वचेसाठी १०६४ नॅनोमीटरचा एनडी-याग लेझर त्यातल्या त्यात सुरक्षित, पण तोही जाड काळ्या केसांसाठी. आणखी एक गोष्ट जाहिरातीत सांगत नाहीत : चेहऱ्यावर, विशेषतः गालांवर आणि जबड्याखाली, लेझरनंतर काहींची लव उलट जाड होते. शिवाय तुमच्या मुलीचे वयात येतानाचे केस अजून यायचेच आहेत. आज जे संपवाल त्याच्या शेजारी नवे येतील. ‘कायमचं’ हा शब्द आठव्या वर्षी खरा ठरत नाही. मोठं झाल्यावरही डॉक्टर ‘कायमचे कमी होतील’ म्हणतात, ‘कायमचे जातील’ म्हणत नाहीत.

तिला आंघोळ घालताना फक्त एवढं बघा. काखेत किंवा जांघेत राठ केस ८ पूर्ण होण्याआधीच आले होते का? अंगाला मोठ्या माणसासारखा घामाचा वास येतो का? उंची एकदम वाढली का? यातलं काही असेल तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. ती एखादं औषध बरेच दिवस घेत असेल, जसं फिटसाठी फेनिटॉइन किंवा स्टेरॉइड, तर तेही त्यांना सांगा. या औषधांनी अंगभर केस वाढतात. केस गळतात म्हणून घरात कोणी मिनॉक्सिडिल लावत असेल तर ते लावलेल्या हातांनी तिला घेऊ नका, उशी वेगळी ठेवा. हे क्वचित लक्षात येतं, पण त्यानेही मुलांच्या अंगावर केस वाढतात.

आणि यातलं काहीच नसेल, तर ती लव तिची आहे आणि तिला तिचं काही वाटत नाही. आठ वर्षांच्या मुलीला काही वाटत नाही, ही फार चांगली बातमी आहे. तुम्हाला चिडवणारी ती मुलं आता तिच्या वर्गात नाहीत. तुमचं बालपण तुम्ही तिच्यावर दुरुस्त करायला जाऊ नका, असं मी अगदी कळवळून सांगते. गेल्या वर्षी एका शाळेच्या कार्यक्रमात नाच आहे म्हणून एका नऊ वर्षांच्या मुलीचे ओठ तिच्या आईने वॅक्स करून आणले होते. भाजून खपली धरली होती. ती मुलगी मला हळूच म्हणाली, ‘मला माहीतच नव्हतं मला मिशी आहे.’ नाच तर झालाच नाही. त्या वाक्याचं मी काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही.

तुमच्या मुलीने एखाद्या दिवशी येऊन विचारलं की पहिलं उत्तर वाचा.

प्रश्न : मी एकटा बाबा आहे, मुलगी १२ वर्षांची. मागच्या आठवड्यात माझ्या रेझरला बारीक केस लागलेले दिसले, ते माझे नव्हते. तिच्या ओठाजवळ ओरखडाही आहे. बोलू की कळलंच नाही असं दाखवू? तिला लाज वाटेल अशी भीती वाटते.
— एक बाबा

उत्तर : बोला, दादा. आजच बोला. ‘कळलंच नाही’ असं दाखवलेल्या घरात मी वाढले, म्हणून सांगते.

समोरासमोर बसवून नको. काहीतरी काम करता करता, दोघांचे डोळे दुसरीकडे असताना बोला. ‘माझं रेझर मोठ्यांच्या दाढीसाठी आहे, तुझ्या त्वचेला ते लागतं. तुझ्यासाठी वेगळं आणू का?’ एवढं पुरे. का केलंस, कोणी काही म्हणालं का, हे त्या दिवशी विचारू नका. ती सांगायची तेव्हा सांगेल. आत्या, मावशी यांच्यापैकी कोणाशी तिचं जमत असेल तर ‘तिला विचारायचं का?’ असं तिलाच विचारा, परस्पर सांगू नका. आणि कोणी नसेल तर तुम्हीच शिकवा. गालावर फेस कसा लावायचा, पातं कोणत्या दिशेने फिरवायचं, कापलं तर स्वच्छ कापूस किती वेळ दाबून धरायचा, हे तुम्हाला रोजच्या सवयीने येतं. या एका कामात तुम्ही कोणत्याही आईपेक्षा तरबेज आहात.

ओरखड्यावर दोन दिवस साधं पेट्रोलियम जेली लावायला द्या. तो बरा होईपर्यंत तिथे काही फिरवायचं नाही. तिचं रेझर किंवा ट्रिमर तिच्या कप्प्यात ठेवा, तुमच्या शेजारी नको. पात्याला रक्त लागलेलं असू शकतं, म्हणून तुमचं जुनं आज टाकून द्या, दोघांनाही नवं आणा.